ख्रिस्ती विश्वासानुसार स्वतःमधील बदल इतका सावकाश का घडतो?

विश्वास ठेवल्यानंतरही जुना स्वभाव का सुटत नाही, या आपल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे पौलाच्या, म्हणजे आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या आणि पुढे प्रेषित झालेल्या माणसाच्या, चरित्रात सापडते. दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर त्याला झालेले येशूचे दर्शन सर्वांना ठाऊक असते. मात्र त्यानंतर तो अरबस्तानात गेला, पुन्हा दिमिष्कास परतला आणि ३ वर्षांनी यरुशलेमेस पोहोचला, हे बायबलमधील गलतीकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात तो स्वतःच सांगतो, आणि तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. यरुशलेमेतही शिष्य त्याला भीतच होते. बर्णबा नावाच्या शिष्याने त्याची बाजू मांडल्यावरच त्याचा स्वीकार झाला. माणूस बदलला तरी त्यावर इतरांचा विश्वास बसायला वेळ लागतो, आणि तेव्हा शब्द टाकणारा एखादा सोबती लागतो. मंडळीची, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या समुदायाची, खरी गरज, माझ्या मते, येथेच आहे.

प्रार्थना आणि शास्त्रवाचन ओघाने आलेच. त्यासोबत आपली एकच अवघड सवय, उदाहरणार्थ रागाच्या भरात तोडून बोलणे, हाती घ्यावी आणि ज्याला दुखावले त्याची त्याच दिवशी क्षमा मागावी, कारण इफिसकरांस पत्राच्या ४थ्या अध्यायात सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडण्यास सांगितले आहे.