डिस्ने वर्ल्डचं नियोजन: सकाळ आखून ठेवा, दुपार मोकळी सोडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुढच्या वर्षी सहा दिवस फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला जायचंय. सोबत सात वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. नवऱ्याने तासातासाचं वेळापत्रक करायला घेतलंय आणि तुमचं म्हणणं, सुटीवर निघालोय, इतकं बांधून कशाला घ्यायचं? किती आधीपासून आणि किती बारकाईने ठरवावं, हे तुम्हाला हवंय.

आम्ही तिथे तीनदा गेलोय. पहिल्यांदा काहीच न ठरवता, दुसऱ्यांदा सगळंच ठरवून, आणि तिसऱ्यांदा जे जमलं ते आता सांगते. ज्या गोष्टी आपल्याआधी दुसरं कुणी घेऊन टाकू शकतं, तेवढ्याच आधी ठरवाव्यात. बाकीच्यांना हात लावू नये. रोजची सकाळ अकरापर्यंत नवऱ्याच्या ताब्यात द्या, पुढचा दिवस तुमचा.

काहीच न ठरवता का चालत नाही, ते आधी सांगते. हे एक पार्क नाही. मॅजिक किंगडम (१९७१), एपकॉट (१९८२), हॉलिवूड स्टुडिओज (१९८९) आणि ॲनिमल किंगडम (१९९८) अशी चार पार्कं जवळपास १०० चौरस किलोमीटरच्या जागेत पसरलेली आहेत. एकातून दुसऱ्यात जायचं तर बस किंवा गाडी लागते, काही ठिकाणी मोनोरेल, बोट किंवा केबलकार. पहिल्या खेपेला आम्ही आरामात नाश्ता करून मॅजिक किंगडमला निघालो. गाडी लावली आणि वाटलं, पोचलो. पण तिथलं पार्किंग तळ्याच्या अलीकडे आहे. गाडीपासून स्टेशनपर्यंत जा, तिथून मोनोरेल नाहीतर फेरीबोट धरा, वाटेत सामानाची तपासणी, आणि मग कुठे फाटक येतं. आत पाऊल टाकलं तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि मुलांना हव्या होत्या त्या प्रत्येक राइडपुढे तासाच्या वरची पाटी होती. संध्याकाळपर्यंत चार राइड झाल्या. तहान लागल्यावर विहीर खणायला गेलं की असंच होतं.

आता काय कधी ठरवायचं.

सगळ्यात आधी तारखा. शाळेच्या सुट्या हाताशी असतील तेवढ्यांतच बघावं लागतं, ते कळतं. तरीही नाताळ ते नवीन वर्ष, नोव्हेंबरातला थँक्सगिव्हिंगचा आठवडा आणि मार्च-एप्रिलमधल्या अमेरिकन शाळांच्या सुट्या टाळता आल्या तर जरूर टाळा. ऑगस्टची अखेर आणि सप्टेंबर त्यामानाने निवांत असतो, फक्त उकाडा आणि पाऊस सोसावा लागतो, शिवाय चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असतो. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ऑगस्टपासून हॅलोवीनपर्यंत आणि नंतर नाताळाआधी काही ठरावीक संध्याकाळी मॅजिक किंगडममध्ये वेगळ्या तिकिटाचा कार्यक्रम असतो. त्या दिवशी साध्या तिकिटावाल्यांना संध्याकाळी सहाला बाहेर पडावं लागतं. म्हणून पुष्कळ लोक तो दिवस टाळतात आणि दिवसभर रांगा बऱ्यापैकी आखूड राहतात. आतषबाजी दुसऱ्या रात्री बघणार असाल तर तो दिवस मुद्दाम निवडा.

मग हॉटेल. डिस्नेच्याच हॉटेलात राहावं की बाहेर, हा खिशाचा प्रश्न आहे. मी फक्त काय फरक पडतो ते सांगते. आत राहणाऱ्यांना रोज, चारही पार्कांत, इतरांपेक्षा अर्धा तास आधी सोडतात. ऐकायला अर्धा तास काहीच वाटत नाही, पण लहान मुलांना घेऊन जाताना मला तो फार मोलाचा वाटला. दुसरा फायदा बुकिंगचा, तो पुढे येईलच.

साठ दिवस आधी जेवणाच्या टेबलांची बुकिंग उघडतात. आत राहणाऱ्यांना मुक्काम सुरू व्हायच्या साठ दिवस आधी सगळ्या मुक्कामाची (दहा दिवसांपर्यंत) टेबलं एकदम धरता येतात, बाहेरच्यांना रोज एकेक दिवस. इथे उत्साहाच्या भरात रोज दोन-दोन जेवणं पक्की करू नका. मुलांना एखाद्या पात्राला भेटत जेवायचं असेल तर तेवढं एक आणि सासूबाईंच्या आवडीचं एक निवांत जेवण, सहा दिवसांत एवढं पुरे. प्रत्येक बुकिंग म्हणजे दुपारच्या मधोमध ठोकलेला खुंटा असतो, सगळा दिवस त्याच्याभोवती फिरत राहतो. नको वाटलं तर बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत रद्द करता येतं, म्हणून घेतलंय तर ओढून-ताणून जायचं असंही नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो लाइटनिंग लेनचा, तेव्हा यावर जरा थांबते. ही छोट्या रांगेची सोय आहे आणि तिचे वेगळे पैसे पडतात. आत राहणाऱ्यांना मुक्कामाच्या सात दिवस आधी आणि बाकीच्यांना त्या-त्या दिवसाच्या तीन दिवस आधी, फ्लोरिडाच्या घड्याळाप्रमाणे सकाळी सात वाजता ती डिस्नेच्या ॲपमध्ये उघडते. मल्टी पास घेतला तर एका पार्कातल्या तीन राइडच्या वेळा आधी धरून ठेवता येतात. पार्कात गेल्यावर त्यातली एक झाली की आणखी एक घेता येते, आणि असं दिवसभर चालतं. काही राइड यात येतच नाहीत, त्यांचा सिंगल पास सुटा घ्यावा लागतो. ट्रॉन, फ्लाइट ऑफ पॅसेज, राइज ऑफ द रेझिस्टन्स या त्यांतल्या. सातचा मुहूर्त मात्र पाळा. ॲपवर खातं, घरातल्या सगळ्यांची तिकिटं जोडलेली आणि कार्ड भरलेलं, ही तयारी आदल्या दिवशी झालेली हवी. आमचं घोडं दुसऱ्या खेपेला इथेच अडलं. सासऱ्यांचं तिकीट जोडायचं राहिलं होतं, ते जोडेपर्यंत सकाळच्या वेळा गेल्या आणि उरल्या त्या संध्याकाळी सातनंतरच्या.

पहिली वेळ साडेनऊ-दहाच्या आसपासची धरा. पहिली जितकी लवकर वापराल तितकी चौथी लवकर मिळते. आणि हे सहाही दिवस विकत घ्यायची गरज नाही. मॅजिक किंगडम आणि हॉलिवूड स्टुडिओजला मला पैसे वसूल झाल्यासारखे वाटले. ॲनिमल किंगडमला आम्ही सकाळी लवकर गेलो आणि त्यावाचून काही अडलं नाही.

वाचताना एक काळजी घ्या. इंटरनेटवर या विषयावरची बरीच माहिती शिळी आहे. छोट्या रांगेची १९९९ साली सुरू झालेली फुकटची सोय, फास्टपास, बंद झाली, मग २०२१ मध्ये तिच्या जागी पैसे देऊन घ्यायचं जिनी प्लस आलं आणि जुलै २०२४ पासून आताची पद्धत. जेवणाची बुकिंग पूर्वी १८० दिवस आधी उघडायची, आता साठ. कोणत्या दिवशी कोणत्या पार्कात जाणार ते आधी नोंदवायची सक्ती होती, तारखेच्या साध्या तिकिटांसाठी ती जानेवारी २०२४ मध्ये उठली. म्हणून लेखाची तारीख बघितल्याशिवाय त्यातला सल्ला घेऊ नका, आणि निघण्याआधी नियम व बंद असलेल्या राइडची यादी अधिकृत ॲपवर एकदा पडताळा. मॅजिक किंगडममधली नदी आणि तिच्यावरची चाकांची मोठी बोट जुलै २०२५ मध्ये कायमची बंद झाली, तरी अजून कित्येक जुन्या वेळापत्रकांत ती दिसते.

आता सकाळ. तुमच्या नवऱ्याची बाजू इथे शंभर टक्के बरोबर आहे. प्रत्येक राइड तासाला ठरावीकच माणसं नेऊ शकते. फाटक उघडतं तेव्हा राइड पूर्ण क्षमतेने सुरू असते आणि पुढे माणूस नसतो. मग दहा-अकरापर्यंत लोक इतक्या वेगाने आत येत राहतात की राइड त्यांना पुरी पडत नाही, आणि ती तुंबलेली रांग संध्याकाळशिवाय ओसरत नाही. म्हणून पहिल्या दीड तासात जे होतं ते दुपारी चार तासांत होत नाही. उघडायच्या वेळेच्या पाऊण तास आधी फाटकाशी असा आणि पहिल्या तीन राइड क्रमाने, नकाशावर बोट ठेवून, आदल्या रात्री ठरवून टाका.

कोणत्या तीन, हेही रांगेच्या हिशोबानेच. हॉन्टेड मॅन्शनसारख्या राइडमध्ये गाड्यांची माळ अखंड फिरत असते, तिथली रांग लांब दिसली तरी सरकत राहते. अशा राइड दुपारसाठी ठेवा. पीटर पॅन किंवा डंबोमध्ये एका वेळी माणसंच थोडी बसतात, आणि लहान मुलांच्या प्रत्येक घराला तिथेच जायचं असतं. त्या सकाळी उरका. ॲनिमल किंगडमची सफारी पण सकाळीच, ऊन चढलं की प्राणी सावलीला जाऊन बसतात. एपकॉटचं उलटं. तळ्याभोवतीची अकरा देशांची दालनं साधारण उशिरा उघडतात आणि ती फेरीच दोन किलोमीटरच्या घरात जाते, म्हणून ती दिवस कलल्यावर घ्या.

अकरानंतर मात्र वेळापत्रक मिटून ठेवायचं, आणि इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. एक कारण हवामानाचं. उन्हाळ्यात फ्लोरिडाच्या दोन्ही किनाऱ्यांवरून समुद्राचे वारे आत शिरतात, मध्यावर एकमेकांना भिडतात आणि दुपारी गडगडाटासह पाऊस कोसळतो. आसपास वीज पडू लागली की उघड्यावरच्या राइड बंद करतात. तुमची दुपार मिनिटामिनिटाने भरलेली असेल तर असा एक पाऊस सगळी माळ ओघळून टाकतो आणि घरातली दोन मोठी माणसं भर पावसात फोनमध्ये डोकं घालून बसतात. (धरलेल्या वेळेत राइड बंद पडली तर तो पास नंतर वापरता येतो, त्यासाठी जीव वरखाली करू नका.) दुसरं कारण पायांचं. आमच्या फोनवर रोज वीस हजारांच्या वर पावलं पडत होती. दुपारी एक ते चार हॉटेलवर या, मुलांना झोपवा किंवा पाण्यात सोडा. चार वर्षांचा मुलगा दुपारी झोपला तरच रात्रीची आतषबाजी जागेपणी बघेल.

तिसरं कारण माझ्या मनातून अजून जात नाही. दुसऱ्या खेपेला, सगळं ठरवून गेलो होतो तेव्हा, ॲनिमल किंगडममध्ये गोरिलांची एक पायवाट आहे तिथे धाकटा थांबला. पाच वर्षांचा होता. काचेपलीकडे एक गोरिला बसली होती. एक काटकी हातात फिरवत तिची साल दातांनी पट्टीपट्टीने सोलत होती आणि सोललेला तुकडा मांडीवर ठेवत होती. हा काचेला कपाळ टेकवून बघत होता, श्वासाने काचेवर धुकं यायचं, ते हाताने पुसायचा आणि पुन्हा बघायचा. माझ्या फोनवर पुढच्या राइडची वेळ संपायला बारा मिनिटं होती. मी त्याला ओढून नेलं. राइड मिळाली, आणि राइडभर तो एकच विचारत होता, तिची काटकी संपली असेल का? तिसऱ्या खेपेला आम्ही त्या पायवाटेवर गेलो तेव्हा पुढे काहीही ठरलेलं नव्हतं. चाळीस मिनिटं बसलो. घरी आल्यावर मुलं ज्या गोष्टी सांगत राहिली त्यात ती चाळीस मिनिटं होती.

सासूबाईंचं आधी त्यांच्याशीच बोला. दिवसभर चालणं झेपणार नसेल तर व्हीलचेअर भाड्याने मिळते, आणि ती पहिल्या दिवशीच घ्या, तिसऱ्या दिवशी गुडघे सुजल्यावर नको. त्यांना नातवंडांबरोबर बसता येतील अशा संथ राइड पुष्कळ आहेत. काही वेळ त्यांना थंडाव्यात एखाद्या शोला बसवून तुम्ही पुढे गेलात तरी चालेल, फक्त भेटायची जागा आणि वेळ नीट ठरवा.

लहानग्याला न चालणाऱ्या राइडसाठी रायडर स्विच आहे. एक पालक मुलीला घेऊन रांगेतून जातो, दुसरा मुलापाशी थांबतो, आणि मग थांबलेला पालक पुन्हा रांग न लावता जाऊन येतो. राइडच्या तोंडाशी असलेल्या कर्मचाऱ्याला आत जाण्याआधी सांगावं लागतं, आपणहून कुणी विचारत नाही.

आता आजच्या आज करायचं काम. मुलांची उंची मोजा. सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन आणि स्लिंकी डॉगला ९७ सेंटीमीटर लागतात, टॉवर ऑफ टेररला १०२, स्पेस माउंटन, एव्हरेस्ट आणि फ्लाइट ऑफ पॅसेजला ११२, ट्रॉनला १२२. सीटचा दांडा अंगाला नीट बसावा म्हणून हे माप असतं, त्यात कुणी एक सेंटीमीटरही सोडत नाही आणि सोडूही नये. माझ्या भाचीचं मी घरी मोजलं नव्हतं. स्पेस माउंटनच्या दारात ती मापाच्या काठीखाली टाचा चिकटवून, मान ताणून उभी राहिली. तिथल्या कर्मचारी बाईंनी दोनदा मोजलं, गुडघ्यावर बसून तिच्याशी बोलल्या, पण एक बोट कमीच पडलं. महिनाभर ती त्याच राइडची स्वप्नं बघत होती, कारण मीच तिला तिचे व्हिडिओ दाखवले होते. दाराच्या चौकटीवर पेन्सिलने या चारही मापांच्या खुणा करा, मुलांना त्यांच्याशी उभं करा, आणि जी खूण पार झालेली नाही तिच्या राइडचं नाव घरात काढू नका. मुलगी ११२ च्या जवळपास असेल तर निघायच्या आदल्या आठवड्यात पुन्हा मोजा, या वयात दोन-तीन महिन्यांत फरक पडतो.