तीन एकर ‘आम्हीच पाहतो’

प्रश्न : आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) महिला मंडळाची मी सेक्रेटरी आहे. विधवा व अनाथ यांच्यासाठी बायबलच्या वचनाप्रमाणे काही ठोस करावे, अशी इच्छा आहे. या नाताळात अकरा विधवा भगिनींना उपासनेनंतर नाव पुकारून साड्या द्यायच्या आहेत. यंदा कांदा बरा झाल्याने खर्च मी उचलणार आहे. गेल्या वर्षी दोघीजणी साडी घ्यायला आल्याच नाहीत, याचे वाईट वाटते. पुढे पंडिता रमाबाईंच्या केडगावसारखे मुलांचे वसतिगृह काढावे का? विधवेचे दुःख मला घरातूनच ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी धाकटे दीर गेल्यापासून जाऊ दोन्ही मुलांना घेऊन माहेरी असते, दिरांच्या नावचे तीन एकर आम्हीच पाहतो.
– राहुरी तालुक्यातील एक भगिनी

उत्तर :
सप्रेम सलाम.

आपले पत्र दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा शेवटच्या ‘पाहतो’पाशी अडखळले. रान पाहणे म्हणजे काय, हे कांद्याच्या पट्ट्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही : लागवड आपली, मजूर आपले आणि बाजार समितीतली विक्रीची पट्टीही आपल्याच नावची. साड्या किती हे ज्या पत्रात मोजून लिहिले आहे, त्याच पत्रात या दोन वर्षांत जावेच्या माहेरी किती रुपये पोचले याचा उल्लेख नसावा, हे नजरचुकीने घडले असे मला वाटत नाही. ज्या कांद्यावर साड्या घेणार आहात, तो कोणाच्या रानातला?

दिरांनी मृत्युपत्र केले नसेल, तर आपल्या समाजाला लागू असलेल्या १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने त्यांच्या मालमत्तेचा एक तृतीयांश हिस्सा पत्नीचा आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांचे. म्हणजे एक एकर जावेचा आणि एकेक एकर त्या दोन लेकरांचा. आपल्या यजमानांचा आणि आपला त्यात एक गुंठाही नाही.

बायबलमधल्या विधवा रूथची गोष्ट आपल्याकडे प्रत्येक लग्नात सांगितली जाते, पण चौथ्या अध्यायातल्या त्या जवळच्या नातलगाजवळ कोणी थांबत नाही. रूथच्या वारलेल्या सासऱ्याची, अलीमलेखाची जमीन घेशील का, असे विचारल्यावर तो चटकन हो म्हणतो; जमिनीबरोबर विधवेची जबाबदारीही येते हे कळताच माझ्या वतनाचे नुकसान होईल म्हणून मागे सरतो. त्या माणसाचे नावसुद्धा शास्त्रात नोंदलेले नाही. आपण तर त्याच्याही पुढे गेलात, कारण त्याने निदान जमीन सोडली होती.

वसतिगृहाचा विचार तूर्त सोडा. पंडिता रमाबाई १८८२ मध्ये विधवा झाल्या तेव्हा त्यांची मनोरमा वर्षाचीही नव्हती, आणि त्यांनी मुलीला टाकले नाही. केडगावला पुढे त्यांनी बायकांच्या हाती छापखाना आणि माग दिला. दुष्काळात उघड्यावर पडलेल्यांसाठी ते घर होते. ज्या मुलाची आई जिवंत आहे आणि ज्याच्या नावावर एकरभर रान निघते, त्याला वसतिगृह कशाला हवे? (त्या दोन भगिनी का आल्या नाहीत, हे आपले नाव भर मंडळीत ‘विधवा’ म्हणून पुकारले जात आहे अशी कल्पना करून पाहिलेत तर आपल्याला कळेल.)

याकोबाच्या पत्रात विधवा व अनाथ यांचा ‘समाचार घेणे’ असे शब्द आहेत. मराठीत त्याचा दुसराही अर्थ होतो आणि आज मी तोच वापरते आहे, याबद्दल रागावू नका. पौलाने तीमथ्याला याहून कडक लिहिले आहे : जो स्वकीयांची, विशेषतः आपल्या घरच्यांची तरतूद करीत नाही, त्याने विश्वास नाकारला आहे.

तेव्हा या महिन्यातच यजमानांना बरोबर घेऊन जावेच्या माहेरी जा. दिरांच्या मृत्यूचा दाखला आणि सातबारा सोबत ठेवा, तिघांच्या नावे वारस नोंदीचा अर्ज तिथेच भरा आणि तिला घेऊन तलाठी कार्यालयात तो द्या. हक्कसोडपत्राचा विषय चुकूनही काढू नका. दोन्ही वर्षांच्या पट्ट्या, खत-मजुरीचा खर्च आणि उरलेली रक्कम एका वहीत मांडून ती वही पैशांसह तिच्या हातात द्या. यजमान कुरकुरतील, तर महिला मंडळासमोर आपण जे वचन वाचता तेच त्यांना घरी वाचून दाखवा. यापुढे रान कोणी कसायचे, आपण, तिच्या भावाने की तिने स्वतः, हे ती ठरवील. साड्यांचे पैसे उरतात का, ते त्यानंतर पाहा.