मन्रो 'सर' करायचे की नुसते 'करायचे'?

तुमचा प्रश्न असा, की मेहुणे रिटायर झाल्यापासून स्कॉटलंडमधे 'मन्रो बॅगिंग' करतायत, म्हणजे तिथले ३००० फुटांवरचे 'मन्रो' नावाचे डोंगर एकेक करून चढतायत, त्यांच्या पंचाहत्तरीच्या स्मरणिकेत याला मराठीत काय लिहायचं, आणि 'शिखरे सर केली' चालेल का.

चालेल, पण मला ते खटकतं. बॅग हा शिकारीचा शब्द, मारलेलं सावज पिशवीत टाकायचं तसं एकेक शिखर टाकायचं. आपला 'सर' फारसीतून आलेला, तिकडे सर म्हणजे डोकं, आणि मराठीत तो कायम किल्ले-मुलूख जिंकण्याबरोबर येतो. म्हणजे फौज आली, तोफा आल्या. इथे तर रेनकोट घातलेले एक आजोबा, हातात काठी आणि सॅकमधे सँडविच! शिवाय ज्यांच्या नावाने हे डोंगर ओळखले जातात त्या सर ह्यू मन्रोंनाच सगळे सर करता आले नाहीत :) त्यांनी १८९१ मधे ३००० फुटांवरच्या स्कॉटिश डोंगरांची यादी छापली आणि १९१९ मधे ते गेले तेव्हा स्काय बेटावरचा एक दोर लावून चढायचा सुळका राहूनच गेला होता, यादी पहिल्यांदा पूर्ण केली ती एका पाद्रीबुवांनी, १९०१ मधे.

'पादाक्रांत' त्यातल्या त्यात बरा, त्यात निदान पाय तरी आहेत, पण भाषणात शोभतो, बोलताना कोण म्हणणार.

खरं तर आपल्याकडे शब्द आहेच आणि तो इतका साधा आहे की लक्षातच येत नाही. आपण म्हणतो अष्टविनायक केले, बारा ज्योतिर्लिंगं झाली, ट्रेकवाली पोरं म्हणतात राजगड केला, माझे पन्नास किल्ले झाले. ठरलेली यादी, एकेक करत पुरी करायची, आणि बहुतेकांना सवड मिळते ती रिटायर झाल्यावरच. मन्रोही तसेच, सध्या यादीत २८२ आहेत (मोजणी सुधारली की एखादा गळतो, २०१२ मधे एक ९१४ मीटरच्या, म्हणजे ३००० फुटांच्या, जेमतेम खाली निघाला आणि गेला). म्हणून लिहा, 'मेहुण्यांचे ११७ मन्रो झाले, १६५ राहिलेत.' शेवटच्या शिखरावर मित्रमंडळी जमवून व्हिस्की उघडतात त्याला मी तर बिनधास्त उद्यापन म्हणेन.

तुम्ही लिहिलेलं 'उतारवयात' मात्र काढा, चढणाऱ्या माणसाला कसला उतार. निक गार्डनर म्हणून एक गृहस्थ आहेत, बायकोच्या आजारपणामुळे खचले होते, ऐंशीव्या वर्षी सुरुवात केली आणि २०२२ मधे, ८२ व्या वर्षी, सगळे २८२ करून मोकळे झाले.

अजून एक, इंग्रजीत 'हिल' म्हणतात म्हणून मराठीत 'टेकडी' करू नका. तिकडे सगळ्यात उंच बेन नेविसलाही लोक सहज हिल म्हणतात. तो १३४५ मीटर, आपलं कळसूबाई १६४६, म्हणून कुणाला टेकडी वाटेलही, पण चढाई जवळजवळ समुद्रसपाटीपासून, आणि वर वारा, धुकं, हिवाळ्यात बर्फ आणि दुपारी चारलाच अंधार. सरळ डोंगर म्हणा. फक्त 'बेन नेविस डोंगर' नको, गेलिक भाषेत बेन म्हणजेच डोंगर.