मेजवानीत मेज नाही

नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलमला राहणाऱ्या एका ताईंनी प्रश्न पाठवलाय. घराजवळच्या मोरावियन चर्चमध्ये नाताळाच्या दिवसांत जे जे चालतं, त्यावर त्यांनी तिथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी लेख लिहिला. संपादकांनी त्यातल्या ‘लव्हफीस्ट’चं ‘प्रेमाची मेजवानी’ केलं, ‘डीनर’चं ‘डिनर’ केलं आणि एके ठिकाणी ‘मोरावियन’चं चक्क ‘मॉर्मन’ करून टाकलं. ताई विचारतात, हे चालेल का? नसेल तर मराठीत काय लिहू?

तिन्ही चालणार नाहीत. शेवटचं आधी निकालात काढतो. मॉर्मन पंथ एकोणिसाव्या शतकातला, अमेरिकेत जन्मलेला. मोरावियन मंडळी बोहेमिया-मोरावियातली, म्हणजे आजच्या चेकियातली. यान हुस या धर्मसुधारकाला 1415 साली जिवंत जाळलं, त्याच्या मागे उरलेल्यांतून 1457 मध्ये हा बंधुसंघ उभा राहिला, मार्टिन लूथरच्या प्रबंधांच्या साठ वर्षं आधी. पुढे छळाला कंटाळून त्यांतले काही सॅक्सनीत काउंट झिन्झेनडॉर्फच्या जमिनीवर आले आणि 1722 मध्ये त्यांनी हेर्नहूट हे गाव वसवलं. भारतालाही हे लोक नवे नाहीत. लेहमध्ये त्यांचं चर्च आणि शाळा एकोणिसाव्या शतकापासून आहे. त्यांचा येश्के नावाचा मिशनरी लाहौलातल्या केलाँगला पोचला 1857 साली, आणि मोल्सवर्थच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली तीही 1857 सालीच. येश्केचा तिबेटी-इंग्रजी कोश 1881 मध्ये छापून आला. रोहतांगवर बर्फ पडलं की केलाँगचा जगाशी संबंध तुटायचा. अशा ठिकाणी त्यांच्याच मिशनमधल्या मारिया हायडे यांनी लाहौली बायकांना सुयांवर लोकरीचं विणकाम शिकवलं. लाहौली मोज्यांना आज भौगोलिक मानांकन आहे. अशा लोकांचं नाव तरी नीट छापायला हवं.

आता मेजवानी. हा शब्द वर्तमानपत्रांनी इतका घासलाय की त्यात ‘भरपूर’ एवढाच अर्थ उरलाय. ‘रसिकांना सुरांची मेजवानी’, ‘क्रिकेटप्रेमींना षटकारांची मेजवानी’, ‘वाचकांना दिवाळी अंकांची मेजवानी’. दर आठवड्याला कुठे ना कुठे वाचायला मिळतं आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. ‘प्रेमाची मेजवानी’ वाचून मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पंगत, पक्वान्नं आणि आग्रह येणार. विन्स्टन-सेलमच्या लव्हफीस्टमध्ये मिळतो एक गोडसर बन आणि एक मग कॉफी. दूध-साखर आधीच घातलेली.

पण ते वाढायची रीत बघण्यासारखी आहे. लोक चर्चच्या बाकांवरच बसलेले असतात. बायका बनांच्या टोपल्या घेऊन येतात. टोपली रांगेच्या एका टोकाला द्यायची आणि ती हातोहात दुसऱ्या टोकाला जायची. मागून पुरुष मगांनी भरलेले ट्रे आणतात. बनाच्या डोक्यावर बहुधा ‘एम’ हे अक्षर उमटवलेलं असतं. सगळ्यांच्या हातात पडेपर्यंत कुणी तोंड लावत नाही. मग एक छोटी प्रार्थना, मग खाणं, आणि खाणं चालू असताना गाणं. नाताळच्या लव्हफीस्टला शेवटी मेणबत्त्या येतात. मधमाशांच्या मेणाच्या, बुडाशी लाल कागदाची झालर असलेल्या. ओघळलेलं मेण हातावर येऊ नये म्हणून ती झालर. मंडळीतले लोक हिवाळ्याच्या तोंडाला एकत्र बसून शेकड्यांनी अशा झालरी गुंडाळतात, आणि बोलत बोलत चाललेलं ते कामही या चर्चच्या हिवाळ्याचाच एक भाग आहे. शेवटच्या कडव्याला सगळे आपापली पेटती मेणबत्ती उंच धरतात. मुलांना नाताळात मेणबत्ती द्यायची प्रथा 1747 ची, जर्मनीतल्या मारियनबॉर्नची. मुळात लव्हफीस्ट सुरू झालं 13 ऑगस्ट 1727 ला. बर्थेल्सडॉर्फच्या देवळात प्रभुभोजन झालं, आणि एरवी एकमेकांशी भांडणारे हेर्नहूटचे लोक त्या दिवशी घरी जाईनात, जागोजागी बोलत बसले. झिन्झेनडॉर्फने आपल्या वाड्यातल्या स्वयंपाकघरातून त्यांच्यासाठी खाणं पाठवलं. कॅरोलायनात यांचे पहिले लोक 17 नोव्हेंबर 1753 ला पोचले, एका सोडून दिलेल्या लाकडी खोपटात शिरले आणि त्याच संध्याकाळी त्यांनी लव्हफीस्ट केलं.

संपादकांनी शब्द चुकीचा निवडला हे खरं. पण मेजवानी या शब्दाचं मूळ त्यांना ठाऊक असतं, तर त्याच शब्दाच्या बाजूने त्यांना फार जोरदार वाद घालता आला असता. तो मीच घालतो.

स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांत पोर्तुगीज शब्दांच्या याद्या असतात. पगार, चावी, बटाटा, हापूस, आणि त्यांच्याच रांगेत मेज. तिथून कुणीतरी उडी मारतं: मेज म्हणजे टेबल, म्हणून मेजवानी म्हणजे टेबलावर बसवून घातलेलं जेवण, म्हणून मेजवानी हीसुद्धा पोर्तुगीजांची देणगी. ही व्युत्पत्ती मी भाषणांत ऐकली आहे, लेखांत वाचली आहे, आणि ज्यांनी कोश उघडून बघायला हवे अशा लोकांच्या तोंडूनही ऐकली आहे. ती सपशेल चूक आहे. मेजवानी आली फारसीतल्या मेज़बानीवरून, आणि मेज़बान म्हणजे पाहुण्याची सरबराई करणारा. फिरदौसीने शाहनामा हे फारसी महाकाव्य पुरं केलं 1010 च्या सुमारास, आणि त्यात मेज़बान जागोजागी आहे. लंबक नावाच्या गरीब पाणक्याची गोष्ट आहे त्यात. दिवसभराची कमाई तो अनोळखी पाहुण्यावर उधळतो, आणि तो पाहुणा म्हणजे वेश बदलून आलेला बहराम गूर राजा असतो. वास्को द गामा कालिकतला उतरला 1498 मध्ये. पोर्तुगीजांनी हा शब्द फिरदौसीला कधी नेऊन दिला? शिवाय इराणात पाहुण्याला जेवायला बसवत ते जमिनीवर सुफ्रा अंथरून. त्यात टेबलाचा संबंधच नव्हता. गोव्यातला, कोकणीतला मेज पोर्तुगीज ‘मेझा’वरून आला हे मला मान्य आहे, आणि मराठीतल्या मेजात पोर्तुगीज आणि फारसी हे दोन्ही प्रवाह मिसळले असतील हेही मान्य. पण त्या मेजाचा मेजवानीशी संबंध जोडू नका. पोर्तुगीजांना श्रेय द्यायचंच असेल तर पावाचं द्या, ते त्यांचं आहेच.

मग मेज़बानमधलं मेज़ काय? शेपूट आधी बघू. फारसी ‘-बान’ म्हणजे राखणारा: दरवान, बागवान, निगहबान. तोच ‘पा’ धातू, जो गोप, भूप, नृप यांत आहे. गुणवान-धनवानमधला ‘-वान’ याहून वेगळा, त्याची इथे सरमिसळ करायची नाही. आणि मेज़ हे अवेस्तातल्या, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथातल्या, ‘म्यज़्द’चं झिजलेलं रूप. म्यज़्द म्हणजे देवापुढे मांडलेलं अन्न, नैवेद्य, आणि नंतर तो सगळ्यांनी मिळून खाल्लेला. वैदिक भाषेत याचा सख्खा भाऊ आहे मियेध. ध्वनींचा नियम पक्का आहे. इराणी भाषांत जिथे ‘अज़्द’ येतं तिथे संस्कृतात ‘एद’ किंवा ‘एध’ येतं. अहुर मज़्दामधलं मज़्दा आणि आपली मेधा. फारसी नज़्दीक, ज्याचं आपण नजीक केलं, आणि संस्कृत नेदिष्ठ, म्हणजे सगळ्यांत जवळचा. म्यज़्द आणि मियेध ही त्याच माळेतली तिसरी जोडी. (अश्वमेधातला मेध यात ओढू नका, तो निराळा वाद आहे.)

खरी मजा पुढे आहे. यजमान हा शब्द आपण मराठीत रोज वापरतो, आणि त्याचा मूळ अर्थ यज्ञ करणारा, स्वतःसाठी यज्ञ करवून घेणारा. म्हणजे पाहुण्याला जेवू घालणाऱ्याचं नाव इराणी लोकांनीही देवाच्या नैवेद्यावरून घेतलं आणि आपणही यज्ञावरूनच घेतलं. दोघांनी वेगवेगळे धातू उचलले, पण कल्पना तीच. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या सव्विसाव्या सूक्ताची पहिली ऋचा घ्या: ‘वसिष्वा हि मियेध्य वस्त्राण्यूर्जां पते । सेमं नो अध्वरं यज ॥’ अग्नीला सांगितलंय, हे मियेध्या, हे ऊर्जांच्या स्वामी, वस्त्रं पांघर आणि हा आमचा यज्ञ कर. एका ऋचेत मियेधही आहे आणि यजही. मेजवानी आणि यजमान या दोन्ही शब्दांची मुळं तीन ओळींच्या गायत्रीत शेजारी शेजारी बसलेली मला जेव्हा दिसली, तेव्हा तो दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. मुंबईच्या पारशांकडे आजही जशनला, म्हणजे त्यांच्या प्रार्थनाविधीला, दस्तुरांपुढे (धर्मगुरूंपुढे) फळं-फुलं मांडतात आणि त्याला म्यज़्दच म्हणतात. विधी संपला की ते सगळ्यांत वाटलं जातं. जो शब्द आपण षटकारांवर उधळतो, तो गिरगावापासून हाकेच्या अंतरावर अग्यारीत मूळ अर्थाने जिवंत आहे.

आता हे लव्हफीस्टशी ताडून बघा. ते प्रभुभोजन नव्हे, तिथे संस्कार होत नाही. पण ते नुसतं खाणंही नव्हे. खाण्याआधीच्या मोरावियन प्रार्थनेत येशूला विनवलेलं असतं की ये, आमचा पाहुणा हो. म्हणजे देव पाहुणा आणि जमलेली सगळी मंडळी मिळून यजमान. म्यज़्दचा अर्थ याहून वेगळा काय होता? मुळाकडे पाहिलं तर मेजवानी हा शब्द बन-कॉफीला चपखल आहे, आणि शब्दांना मुळाकडे परत नेता आलं असतं तर मी हाच सुचवला असता.

पण वाचक मूळ वाचत नाही, रूढ अर्थ वाचतो. म्हणून ताई, ‘प्रीतिभोजन’ लिहा. मराठी ख्रिस्ती मंडळी उपासनेनंतरच्या एकत्र जेवणाला हाच शब्द वापरतात, तेव्हा नवा घडवायची गरज नाही. हिंदीत प्रीतिभोज म्हणजे लग्नाचं जेवण, हे कारण सांगून कुणी अडवेल. अडवू द्या, आपण मराठीत लिहितोय. ‘स्नेहभोजन’ पुढाऱ्यांनी आपलंसं केलंय, ते त्यांच्याकडेच राहू द्या. ‘सहभोजन’ही नको. रत्नागिरीच्या सहभोजनांचा, अनंत हरि गद्र्यांच्या झुणका-भाकर सत्यनारायणाचा त्याला संदर्भ आहे. तो जातींच्या भिंती पाडण्यासाठी घडलेला शब्द, त्याची धार दुसरीकडे बोथट करू नये. भावाच्या दृष्टीने सगळ्यांत जवळ जातो तो वारकऱ्यांचा काला: आधी भजन-कीर्तन, मग घास साधा, आणि तो सगळ्यांचा. पण काल्यात कृष्ण आहे, तेव्हा समजावून सांगताना त्याचा दाखला द्या, नाव म्हणून लावू नका.

‘डीनर’ हा जर्मन शब्द, अर्थ सेवक. लव्हफीस्टमध्ये बन आणि मग फिरवणारे ते डीनर. इंग्रजी डिनरशी त्याचा काही संबंध नाही. ते फ्रेंचमार्गे आलेलं आणि मूळ अर्थाने उपास सोडणं, आपलं पारणं. डीनरला मराठीत नेमका शब्द तयार आहे: वाढपी. ‘सेवेकरी’ही चालेल, पण वाढपीत काम दिसतं.

लेखात आणखी दोन-तीन शब्द आहेत, तेही सांगून टाकतो. ‘पुट्झ’ म्हणजे शेवाळ, लाकडी चित्रं, गुरं-मेंढरं मांडून उभा केलेला ख्रिस्तजन्माचा प्रसंग. जर्मन ‘पुत्सन’, सजवणे, यावरून. त्याला गणपतीतला ‘देखावा’ बिनदिक्कत वापरा. आपल्याकडे ख्रिस्ती घरांत गोठा म्हणतात, पण पुट्झमध्ये गोठ्याभोवतीचं अख्खं गाव असतं. मोरावियन ताऱ्याला ‘चांदणी’ म्हणू नका. त्याला साधारण पंचवीस टोकं असतात आणि तो 1830 च्या दशकात नीस्कीच्या शाळेत भूमितीचा पाठ म्हणून मुलांनी केला होता, तेव्हा ‘तारा’च ठीक. 31 डिसेंबरच्या ‘वॉचनाइट’ला ‘जागर’ शोभतो. त्या रात्री मंडळीच्या सरत्या वर्षाचा वृत्तान्त वाचतात, मग पाळक बोलायला उभा राहतो, आणि बाराच्या ठोक्याला वाद्यवृंद त्याचं वाक्य अर्ध्यात तोडून वाजायला लागतो. त्या वृत्तान्ताला ‘मेमोराबिलिया’ म्हणतात, तुम्ही ‘वर्षाची बखर’ लिहिलंय आणि ते मला फार आवडलं. संपादकांनी तेही बदललं असेल तर पुढच्या अंकात शुद्धिपत्र मागा, आणि त्यात ‘मॉर्मन’ची दुरुस्ती सगळ्यांत वर छापायला सांगा.