खाणीचा गाळ जिवाणूंनी घट्ट होईल का?

प्रश्न : डिचोलीजवळच्या जुन्या लोहखाणीचा टेलिंग पाँड (खनिज धुतल्यावर उरलेला गाळ साठवायचं तळं) उन्हाळ्यात सुकला की लाल धूळ उडते. जिवाणूंनी वरचा थर घट्ट करतात, असं वाचलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत कसं करून पाहावं? याने पाँडचा बांधही मजबूत होईल का?

उत्तर : धुळीसाठी जरूर करून पाहा. स्पोरोसार्सिना पाश्चुरी हा मातीतला जिवाणू युरिया फोडतो. पीएच ९ च्या आसपास चढतो, कार्बोनेट तयार होतं आणि कॅल्शियम मिळालं की कणाकणांत कॅल्साइट, म्हणजे चुनखडीच, धरते.

तळाला भोकं असलेल्या ३० × ३० सेंमीच्या ट्रेमध्ये ५ सेंमी गाळ भरा. ३० अंशांवर वाढवलेलं १८० मिली कल्चर, म्हणजे जिवाणू वाढवलेलं पोषक द्रव, फवारा. सहा तासांनी ३६० मिली द्रावण द्या, निम्मं त्याच दिवशी, निम्मं दुसऱ्या दिवशी. द्रावणात लिटरला ३० ग्रॅम युरिया आणि ७३.५ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट. कल्चर आणि द्रावण एकाच बाटलीत मिसळू नका. तिथेच साका धरतो आणि नोझल तुंबतो. शेतीचा युरिया नको : तो निंबोळी तेलाचा लेप दिलेला आणि अनुदानाचा असतो. टेक्निकल ग्रेडचा घ्या.

खरी फसगत पुढे आहे. कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे कॅल्साइट न धरताही धूळ बसते. म्हणून दुसऱ्या ट्रेला सगळं तेच द्या, फक्त कल्चरऐवजी जिवाणू नसलेलं माध्यम. आठवड्याने दोन्ही ट्रे पाण्याने धुऊन, वाळवून मगच पंख्यासमोर धरा. नखाने टोकरून पाहा : पापुद्रा सुटतो की भुगा होतो? तुकड्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की बुडबुडे यायला हवेत.

ट्रेखालचं पाणी साठवा, गटारात सोडू नका. युरिया फुटून एका ट्रेमागे साडेसहा ग्रॅमपर्यंत अमोनियम निघतं. याच मापाने पाँडवर फवारलं तर चौरस मीटरला ७२ ग्रॅम. पहिल्याच पावसात ते ओहोळात आणि विहिरींत उतरेल. आमची मोठी काळजी हीच. पाणी अडवून त्याची विल्हेवाट लावण्याची सोय नसेल, तर पाँडवर फवारणी करू नये.

बांधासाठी मात्र याचा भरवसा धरू नका. पाँडच्या मधला गाळ इतका चिकण आणि बारीक असतो की दोन-तीन मायक्रॉनचा जिवाणू आत शिरतच नाही. कॅल्साइट तोंडाशीच बसतं आणि खालचा गाळ ओलाच राहतो. बांधाला धोका गाळात साचलेल्या त्या पाण्याचा असतो. बांधात पिझोमीटर (आतल्या पाण्याची पातळी मोजणाऱ्या नळ्या) आहेत का आणि पावसाळ्यात त्यांची पातळी कोण नोंदवतं, ते खाणीच्या कार्यालयात आधी विचारा.