बोलेरोचे क्राऊन-पिनियन बदलण्यासाठी २८,००० रुपये हा खर्च योग्य आहे का?

आपल्या बोलेरोच्या मागच्या बाजूने ताशी साठ किलोमीटरच्या पुढे घोंगावल्यासारखा आवाज येतो, गॅरेजवाल्याने डिफरन्शियलमधील (इंजिनाची ताकद मागच्या चाकांना वाटून देणाऱ्या यंत्रणेतील) क्राऊन-पिनियन ही दातेरी चाकांची जोडी गेल्याचे सांगून २८,००० रुपयांचा तोंडी अंदाज दिला आहे आणि ही रक्कम योग्य आहे का, असे आपण विचारले आहे. प्रवासी गाड्या चालवणाऱ्या एका व्यवसायात दुरुस्तीची बिले तपासण्याचे काम माझ्याकडे होते, त्या अनुभवावरून सांगतो. ही रक्कम वरच्या बाजूची आहे, पण तिला लूट म्हणता येणार नाही; मात्र ती कशाकशाची आहे हे कागदावर येईपर्यंत होकार देऊ नये.

सर्वप्रथम, दोष खरोखर क्राऊन-पिनियनमध्येच आहे का, याची खात्री करावी. मागून आवाज आला की डिफरन्शियलकडे बोट दाखवणे सोपे असते, पण असा आवाज चाकाच्या बेअरिंगचा, प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून मागे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसचा म्हणजे सांध्याचा, अगदी असमान झिजलेल्या टायरचाही असू शकतो, आणि त्या दुरुस्त्या कितीतरी स्वस्त आहेत. डांबरी रस्त्यावरून काँक्रीटच्या रस्त्यावर जाताच आवाजाची जात बदलत असेल, तर आधी टायर पाहावेत. सावकाश डावे-उजवे वळण घेताना तो कमी-जास्त होत असेल, तर संशय चाकाच्या बेअरिंगवर जातो. गाडी जागेवरून हलवताना किंवा गिअर टाकताना केवळ एकदा ‘ठक्’ असा आवाज येत असेल, तर क्रॉस आणि शाफ्टच्या खाचा तपासल्याशिवाय एक्सल (डिफरन्शियल ज्यात असते तो मागच्या चाकांमधला आडवा भाग) उघडू देऊ नये. याउलट ॲक्सिलरेटर दाबल्यावर आवाज चढतो आणि पाय काढताच तो बदलतो किंवा नाहीसा होतो, असे होत असेल, तर क्राऊन-पिनियन किंवा पिनियनचे बेअरिंग हेच कारण असण्याची शक्यता मोठी आहे. फक्त वळणावर कटकट होत असेल, तर आतील लहान स्टार गिअर झिजलेले असू शकतात. त्यांचा संच क्राऊन-पिनियनपेक्षा बराच स्वस्त असतो.

दुसरी तपासणी जवळजवळ फुकट आहे: एक्सलचे तेल स्वच्छ भांड्यात काढून पाहावे. त्यात राखाडी, मेणासारखा बारीक गाळ असणे ही नेहमीची झीज आहे, परंतु चमकणाऱ्या पापुद्र्यांसारखे धातूचे कण किंवा दाताचा तुकडा सापडला तर पुढे वाद उरत नाही. तेल दुधाळ दिसत असेल, तर आत पाणी गेले आहे. कोकणातल्या पावसाळ्यात पाण्यातून गाडी नेणाऱ्यांच्या बाबतीत हे विशेष घडते, कारण गरम एक्सल पाण्यात एकदम थंड झाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा जाण्या-येण्याच्या छिद्रातून) किंवा कमजोर सीलमधून पाणी ओढले जाते.

आता खर्चाकडे वळू. पुढचे आकडे अंदाजाचे असून शहर, मॉडेलचे वर्ष आणि भागाचा उत्पादक यांनुसार ते बदलतात. कंपनीचा क्राऊन-पिनियन संच साधारण ८,००० ते १२,००० रुपयांच्या दरम्यान धरावा. बाजारात इतर उत्पादकांचे संच यापेक्षा स्वस्त मिळतात. पिनियनची दोन आणि क्राऊनच्या बाजूंची दोन अशी चार टेपर बेअरिंगे, पिनियनचे सील, नट, स्पेसर आणि शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) यांना मिळून चार ते सहा हजार लागतात. दीड-दोन लिटर तेलाला हजारापर्यंत आणि मजुरीला चार ते सात हजार धरले, तर एकूण १७,००० ते २६,००० रुपये होतात. आपल्या अंदाजात चाकांची बेअरिंगे किंवा ब्रेक लायनर धरलेले असतील, तर २८,००० समजण्यासारखे आहे. एक्सलचे सील गळून तेल मागच्या ड्रममध्ये उतरले असेल, तर लायनर बदलावेच लागतात, आणि तो खर्च गॅरेजवाल्याने वाढवलेला नसतो.

कराच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवावेत. भागाच्या वेष्टनावरील कमाल किरकोळ किमतीत जीएसटी धरलेला असतो. त्या किमतीवर पुन्हा कर लावलेले बिल मी एकाहून अधिक वेळा परत पाठवले आहे. नोंदणीकृत गॅरेजने मजुरीवर लावलेला १८ टक्के कर मात्र रास्त असतो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींच्या सुट्या भागांवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे कर धरून पूर्वी १०,००० रुपयांना असलेला भाग, मूळ किंमत तीच राहिली तर, साधारण ९,२०० रुपयांना मिळायला हवा. जुन्या किमतीचे वेष्टन दाखवले गेले तर हा हिशेब नम्रपणे समोर ठेवावा.

खरा प्रश्न मजुरीचा आहे, कारण हे काम जितके लोखंडावर तितकेच बसवणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, म्हणून एकच बदलून दुसरे जुने ठेवणे म्हणजे आवाज विकत घेणे होय. नवी जोडी बसवताना पिनियन किती आत बसतो हे शिम घालून ठरवावे लागते, त्याच्या बेअरिंगवरील ताण मोजून नट आवळावा लागतो आणि दोन्हींच्या दातांमधील मोकळीक डायल गेजने (सूक्ष्म अंतर मोजणाऱ्या काट्याच्या उपकरणाने) तपासावी लागते. ही मोकळीक बहुतेक गाड्यांमध्ये ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा त्या एक्सलच्या दुरुस्तीपुस्तिकेत असतो. शेवटी दातांना रंग लावून, गिअर फिरवून, रंगाचा ठसा दाताच्या मध्यभागी उमटतो की कडेला, हे पाहिले जाते. ठसा चुकला तर सगळे पुन्हा काढून शिम बदलावे लागते. हे काम नीट करणाऱ्याचा दिवस त्यात जातो. दोन तासांत आणि दोन हजारांत बसवून देतो म्हणणारा यातील बरेच काही गाळणार, हे उघड आहे, आणि चुकीच्या बसवणीचा नवा संच काही हजार किलोमीटरांतच घोंगावू लागतो. म्हणून गॅरेजवाल्याला दर कमी करण्यास सांगण्याऐवजी डायल गेज आहे का, ठसा मला दाखवाल का आणि कामाची लेखी हमी किती महिन्यांची, एवढे विचारावे. उत्तर देताना तो चिडला तर दुसरे गॅरेज शोधावे.

संच मागवताना जुन्या क्राऊनचे आणि पिनियनचे दात मोजून घ्यावेत. क्राऊनला ४१ आणि पिनियनला १० दात असतील तर गुणोत्तर ४.१ होते, दात वेगळे असलेला संच आत बसला, तरी गाडीची ओढ आणि डिझेलचा खर्च बदलतो. ज्यांची गाडी फोर-व्हील-ड्राइव्ह आहे, त्यांनी पुढच्या आणि मागच्या एक्सलचे गुणोत्तर एकच ठेवणे अनिवार्य आहे.

कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारातून संपूर्ण हौसिंग (आतील गिअरांसह एक्सलचे कवच) आणून बदलण्याचा सल्लाही आपल्याला मिळेल. गाडी जुनी असून दोन-तीन वर्षांत विकायची असेल, तर तो अविचारी नाही, कारण आतील बसवणी सहसा कारखान्यातील असते आणि ती उघडावी लागत नाही. मात्र घेण्यापूर्वी झाकण काढून दात पाहू देणारा आणि पक्के बिल देणारा विक्रेता असेल, तरच हा मार्ग धरावा.

काम झाल्यावर जुने भाग मागून घ्यावेत. तेल ८०डब्ल्यू-९० किंवा पुस्तिकेत सांगितलेल्या दाटपणाचे आणि जीएल-५ दर्जाचेच भरलेले असावे, कारण या प्रकारच्या गिअरांचे दात एकमेकांवर घसरत फिरतात आणि साध्या तेलाचा थर तो दाब सोसत नाही. पहिले ८०० किलोमीटर ओझे न भरता, मधूनमधून थांबून एक्सल निवू देत गाडी चालवावी आणि त्यानंतर तेल एकदा बदलावे, कारण नव्या दातांची सुरुवातीची झीज त्यात उतरलेली असते; त्या दुसऱ्या तेलाचे पैसे आताच्या अंदाजात धरले आहेत का, तेही लिहून घ्यावे.