पावसातले चाळीस मेसेज

प्रश्न : देवगडला आमचं मासळीचं कोल्ड स्टोरेज आहे. 5 खोल्यांचे तापमान मोजणारे नेटवर्क सेन्सर पुण्यातल्या सर्व्हरवरच्या नागिऑसला (उपकरणांवर नजर ठेवून बिघाड झाला की मेसेज पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरला) जोडलेत. पावसात इंटरनेट गेलं की रात्रीत 40 मेसेज येतात. बाबा म्हणतात, बंदच कर. काय करू?

उत्तर : बंद करू नका, बाळा. मी वेंगुर्ल्याच्या बर्फ कारखान्यात हेच भोगलंय. मेसेजला कंटाळून फोन उशीखाली ठेवला, आणि नेमका त्याच रात्री काँप्रेसर बसला.

नागिऑसमध्ये तुमच्या राउटरला सगळ्या सेन्सरचा ‘पॅरेंट’ करा, म्हणजे सेन्सरपर्यंतची वाट राउटरमधून जाते हे त्याला कळेल. मग राउटरशी संपर्क तुटला की सेन्सर ‘डाउन’ (बंद) नाही, ‘अनरीचेबल’ (तिथवर पोचता येत नाही) दिसतील. सेन्सरच्या नोटिफिकेशन ऑप्शनमधून ‘यू’, म्हणजे अनरीचेबलचं अक्षर, काढलात की राउटरचा एकच मेसेज येईल.

मग ‘मॅक्स चेक अटेम्प्ट्स’, म्हणजे किती वेळा तपासून बिघाड पक्का धरायचा तो आकडा. तुमच्याकडे बहुधा 1 असेल. राउटरला 4 द्या, आणि रीट्राय, म्हणजे पुन्हा तपासण्यातलं अंतर, 1 मिनिटाचं. 4 तपासण्या होईतोवर नागिऑस बिघाड ‘सॉफ्ट’ (कच्चा) धरतो, मेसेज धाडत नाही. तापमानाला मात्र जास्त धीर हवा. पहाटे माल भरताना दार उघडं राहतं, उणे 18 ची खोली थोडी चढते, दार लावल्यावर उतरते. ही चढ-उतार आठवडाभर वहीत लिहा आणि त्यावरून तापमानासाठी किती वेळ थांबायचं ते ठरवा. माझ्याकडे 15 मिनिटं पुरली.

पण इंटरनेट गेलं की पुण्याला तापमान दिसणारच नाही. म्हणून खोलीपाशी तापमान चढलं की वाजणारा बॅटरीवरचा भोंगा हवाच, इंटरनेटशी संबंध नसलेला. तो आधी बसवा, मग बाकीचं.